गुंजभर अधिक

म्हैसूरच्या आग्नेय दिशेस कावेरी आणि कपिला या दोन नद्यांचा संगम आहे. संगमावरील गावाचे पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. बोलताना आणि लिहिताना त्याचे ‘टी. नरसीपूर’ झाले. दोन नद्या डोळ्यांना दिसतात. स्फटिक सरोवर नावाचा तिसरा प्रवाह गुप्तपणे येऊन मिळतो, अशी तेथील श्रद्धा आहे. म्हणून हा त्रिवेणी संगम ठरला, आणि १९८९ पासून दर तीन वर्षांनी येथे कुंभमेळा भरण्याची प्रथा पडली. गावाला ज्याच्यावरून नाव मिळाले त्या देवाचे नाव गुंजा नरसिंह. मूर्तीच्या चिमटीत एक गुंज आहे, आणि तिचा अर्थ असा सांगतात की, हे क्षेत्र काशीपेक्षा गुंजभर अधिक पुण्यप्रद आहे.

गुंज म्हणजे किती, हे मराठी माणसास सांगावयास नको. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक मागील पिढ्यांना तोंडपाठ असे. म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग. काशीशी तुलना करणारे दुसरे एखादे क्षेत्र शतपटीने मोठे असल्याचे सांगेल. या देवाने मात्र गुंजेवर समाधान मानले. यात विनय आहे तसे मोठे व्यवहारज्ञानही आहे. दोन्ही पारडी जवळजवळ समतोल झाली म्हणजे निकाल मणाने लागत नाही, गुंजेने लागतो.

हा विचार आज ज्या ठिकाणी अगदी अक्षरशः लागू पडतो ते ठिकाण मात्र वडील मंडळींना गंभीर वाटत नाही. ते आहे मुलांच्या हातातील पडद्यावरचा पोकेमॉनचा खेळ. चित्रविचित्र प्राणी पकडावयाचे, त्यांना शिकवावयाचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवावयाचे, एवढेच त्याचे वर्णन घराघरांतून ऐकू येते. परंतु या खेळाच्या जागतिक स्पर्धा होतात. आणि स्पर्धेसाठी सहा प्राण्यांचा संघ बांधणे हे एक शास्त्र होऊन बसले आहे. ते समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात यशाचे जे नियम आढळतात ते केवळ खेळापुरते नाहीत.

अद्भुत प्राण्यांची कल्पना आपल्याकडे परकी नाही. टी. नरसीपूर तालुक्यातच सोमनाथपूरचे केशवमंदिर आहे. ते तेराव्या शतकात होयसळांचा सेनानी सोमनाथ याने बांधविले, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने इतर दोन होयसळ मंदिरसमूहांसह त्याचा जागतिक वारशात समावेश केला. त्याच्या जोत्यावर प्राण्यांचे थर कोरलेले आहेत. तळाशी हत्ती, त्यांच्यावर घोडेस्वार, आणि वरच्या बाजूस मकर व हंस. मकर हा प्राणी कोणी पाहिलेला नाही; मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि मोराची शेपटी एकत्र करून शिल्पकाराने तो घडविला. मात्र त्याने हत्तीला वर चढविले नाही आणि हंसाला तळाशी दडपले नाही. भार पेलणारा खाली आणि हलका वर, ही त्याची योजना होती. संघ बांधणाऱ्या खेळाडूलाही नेमके हेच करावे लागते.

पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या माचिदा येथे वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर पसरत गेले, तळी व झाडी नाहीशी झाली आणि किडेही गेले. पुढे ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्रास दुसऱ्या यंत्राशी जोडणारी तार त्याने पाहिली, तेव्हा त्या तारेवरून किडा एका मुलाकडून दुसऱ्याकडे चालत जात असल्याची कल्पना त्याच्या मनात आली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात हा खेळ ‘लाल’ आणि ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काही प्राणी एकीतच आणि काही दुसरीतच ठेवलेले होते. त्यामुळे कोणाही एका मुलाला एकट्याने सारे प्राणी मिळविता येत नसत. त्याला मित्र शोधावा लागे. झुंजीचा म्हणून ओळखला जाणारा हा खेळ अशा रीतीने देवघेवीच्या पायावर उभा आहे.

त्याचा पहिला नियम असा की, अजिंक्य कोणीच नाही. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन तत्त्वे असतात. पाणी अग्नीला विझविते, अग्नी वनस्पतीला जाळतो, आणि वनस्पती पाणी शोषून घेते. अशी एकंदर अठरा तत्त्वे आहेत. योग्य तत्त्वाचा प्रहार दुप्पट लागतो; ज्या प्राण्याची दोन्ही तत्त्वे त्या प्रहारापुढे दुबळी असतील त्यास तो चौपट लागतो; आणि काही प्रहार काहींना लागतच नाहीत. विजेचा आघात भूमितत्त्वाच्या प्राण्याचे काहीही बिघडवू शकत नाही.

हे कोष्टकही एकदा लिहिले आणि कायमचे झाले, असे घडलेले नाही. आरंभीच्या खेळात मानसिक शक्तीचे प्राणी इतके प्रबळ ठरले की त्यांना आवर घालणारे कोणी उरले नाही. १९९९ साली अंधार आणि पोलाद ही दोन नवी तत्त्वे आणून तो तोल सावरण्यात आला. पुढे ड्रॅगनवर्गीय प्राणी डोईजड झाले, तेव्हा २०१३ साली परीतत्त्वाची भर पडली, आणि परीवर ड्रॅगनचा प्रहार मुळीच चालेनासा झाला. खेळ चालावयाचा तर सामर्थ्यावर कोठेतरी अंकुश हवा, हे करमणुकीच्या व्यवसायातील मंडळींना चांगले कळले होते.

नवशिक्या खेळाडूचा संघ ओळखणे सोपे असते. त्यात सहा दांडगे प्राणी असतात आणि त्यांतील प्रत्येक त्याच्या विशेष प्रेमाचा असतो. अग्नी ओकणारा, पंख असलेला चॅरिझार्ड बहुतेक मुलांना आवडतो. त्याची दोन्ही तत्त्वे खडकाच्या प्रहारापुढे दुबळी आहेत. त्यामुळे एकच मोठा दगड त्याला चौपट लागतो. आता स्पर्धेतील सामने जोडीचे असतात, म्हणजे दोन प्राणी एका वेळी मैदानात उतरतात. आणि दरड कोसळविण्याची एक चाल समोरच्या दोघांनाही लागते. मुलाने त्याच्या शेजारी दुसरा पंखवालाच ठेवला असेल, तर पहिल्याच फेरीत दोघेही आडवे होतात. सहा शूर एकत्र केले म्हणजे सेना होत नाही. सहाही जणांचा दुबळेपणा एकाच जागी असला, तर शत्रूला एकच वार पुरतो.

जाणता खेळाडू निराळ्या टोकाने आरंभ करतो. तो एक प्राणी निवडतो आणि त्याच्या पराक्रमाची यादी बाजूला ठेवून प्रथम विचारतो, याला कोण मारील? उत्तर मिळाले की त्या मारणाऱ्याला रोखणारा दुसरा प्राणी आणतो. मग दोघांना मिळून कोण अडवील, हे पाहून तिसरा. शेजाऱ्यावरचा वार स्वतःवर घेणारा कोणी हवा, वेग वाढविणारा किंवा शत्रूचा वेग कमी करणारा कोणी हवा, आणि अखेरचा घाव घालणारा हवा. प्रत्येक प्राण्याला चालीही चारच शिकविता येतात. पाचवी कितीही आकर्षक असली, तरी तिच्यासाठी चारांपैकी एक सोडावी लागते. संघ बांधणे हे मुख्यतः सोडून देण्याचे काम आहे, आणि लहान मुलास ते जड जाते. मोठ्यांना ते सोपे जाते असे मात्र कोणी समजू नये; ज्याने घरखर्चाचा अथवा तालुक्याच्या विकासाचा आराखडा केला आहे, त्याला हे दुःख ठाऊक असते.

या आराखड्याचा आकडाही ठरलेला आहे. २०२२ साली निघालेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ या खेळांत प्रत्येक प्राण्यास सहा बळे आहेत: आयुष्य, दोन प्रकारचे आक्रमण, दोन प्रकारचे संरक्षण आणि वेग. तालमीने मिळवावयाचे गुण सर्व मिळून ५१०, आणि एका बळावर जास्तीत जास्त २५२. घाईचा खेळाडू २५२ आक्रमणास देतो, २५२ वेगास देतो आणि उरलेले सहा कोठेतरी टाकून मोकळा होतो. मुरलेला खेळाडू मात्र एकेका गुणाचा हिशेब मागतो. अमुक शत्रूचा अमुक प्रहार एकदा सोसून उभे राहण्यास किती आयुष्य पुरे? तेवढेच द्यावयाचे; अधिक दिले तर ते वाया गेले, कमी दिले तर सारेच वाया गेले. प्राण्यांना स्पर्धेत एकाच, म्हणजे पन्नासाव्या पातळीवर आणले जाते. कोणी किती दिवस खेळत होता, यापेक्षा त्याने मिळालेले गुण कसे वाटले, यावर निकाल ठरतो.

येथे नरसीपूरची गुंज पुन्हा हातात येते. ज्याचा वेग अधिक तो आधी वार करतो. वेग अगदी सारखा असेल तर कोण आधी, हे नाणे उडविल्याप्रमाणे केवळ दैवावर राहते. एका गुणाने जरी वेग अधिक असला तरी मात्र दैवाचे काम संपते. चॅरिझार्ड, सॅलमेन्स आणि दुसरे अनेक नामांकित प्राणी यांचा उपजत वेग १०० आहे. गारचॉम्प नावाच्या ड्रॅगनाचा १०२. शंभरात दोन म्हणजे कागदावर नगण्य अंतर. परंतु तालीम सारखी झालेली असेल, तर गारचॉम्प या साऱ्यांच्या आधी उठतो. आणि जो आधी उठतो त्याला कित्येकदा दुसऱ्याचा वार सोसावाच लागत नाही. पन्नास गुणांनी पुढे असणे आणि एका गुणाने पुढे असणे यांत पहिला वार मिळण्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. म्हणून कसलेला खेळाडू वेग हवा तेवढा घेऊन वर एक गुंज ठेवतो, आणि वाचलेले गुण संरक्षणास देतो.

वेगाचीही मिजास चालत नाही, हे आणखी एक वैशिष्ट्य. ‘ट्रिक रूम’ नावाची एक चाल आहे. ती खेळली गेली की पाच फेऱ्यांपर्यंत क्रम उलटा होतो. जो मंद तो आधी आणि जो चपळ तो शेवटी. हा उलटा क्रम आपल्या लोकांना नवा वाटण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा, असे १२० गोल पत्ते असतात. राजा आणि प्रधान यांच्याखालील पत्त्यांत निम्म्या रंगांत दश्शा श्रेष्ठ, तर निम्म्या रंगांत एक्का दश्श्याला मारतो. डावाचा आरंभ दिवसा रामाकडून आणि रात्री कृष्णाकडून होतो. गंजिफांचा शौक म्हैसूरच्या दरबारातही होता. मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या काळी तेथे तीनशेहून अधिक पत्त्यांचे डाव रचले गेले. पत्त्याची किंमत पत्त्यात नसते, ती त्या वेळच्या नियमात असते, ही जाण त्या खेळाडूंना होती. आजचा मुलगा तेच पडद्यावर शिकतो. केवळ त्याचे आजोबा ते ओळखत नाहीत.

या साऱ्याचे उत्तम उदाहरण २०१४ सालच्या जागतिक स्पर्धेत घडले. ती अमेरिकेत वॉशिंग्टन येथे झाली होती. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क या खेळाडूने तेथे आपल्या सहा जणांत पाचिरिसू नावाची एक विजेची खार आणली. ही खार २००६ पासून खेळात होती आणि तिला कोणी विचारीत नसे. तिच्या अंगी मारण्याचे बळ फारसे नाही. पार्कचा प्रमुख योद्धा होता ग्याराडॉस हा प्रचंड जलसर्प. त्याला धोका विजेचा. आता खारीजवळ दोन गोष्टी होत्या. ‘फॉलो मी’ या चालीने ती शत्रूचे वार शेजाऱ्यावरून आपल्याकडे वळवून घेई; आणि तिच्या अंगभूत शक्तीमुळे विजेचा वार तिला इजा करण्याऐवजी उलट तिचे आयुष्य भरून काढी. ग्याराडॉसवर सोडलेली वीज खारीने प्यावी आणि ग्याराडॉसने निर्धास्तपणे लढावे, अशी ही जोडी जमली. पार्क जगज्जेता झाला. हजारो खेळाडूंनी ज्या खारीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, तिचे नाव त्या दिवसापासून सर्वांच्या तोंडी झाले.

सेतुबंधाच्या वेळच्या खारीची आठवण कोणाला झाल्यास नवल नाही. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पार्कने खारीला दयेपोटी जागा दिली नव्हती. तिच्यावाचून संघाचे काम अडत होते म्हणून दिली होती. ती अन्य कोणाच्या संघात असती तर कदाचित निरुपयोगी ठरली असती. दुबळा आणि समर्थ हे शब्द आपण माणसांना कायमचे चिकटवून टाकतो. वस्तुतः शेजारी कोण उभे आहे, हे कळल्याशिवाय त्या शब्दांना पुरता अर्थ येत नाही.

मग सर्व दारे बंद करणारा परिपूर्ण संघ बांधता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर नरसीपूरच्या देवाच्याच कथेत आहे. हिरण्यकश्यपूने वर मागताना एकेक दार विचारपूर्वक बंद केले. मनुष्याकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. भूमीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. यादी निर्दोष होती. तिच्यात अर्धा मनुष्य, संध्याकाळ, उंबरठा, मांडी आणि नखे एवढेच राहून गेले, आणि नरसिंह नेमका तेथूनच आला. ज्याने आपल्या यादीवर संपूर्ण विश्वास टाकला, त्याला त्या यादीनेच दगा दिला. पोकेमॉनचे खेळाडू हे अनुभवाने जाणतात. सहा प्राणी समोरच्यास दिसतात आणि त्यांतून चार निवडून सामना खेळावा लागतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापुढे ही निवड नव्याने करावी लागते. गेल्या मासी जिंकलेला संघ सर्वांनी पाहिलेला असतो. पुढच्या मासी त्याचे मारक तयार होऊन येतात. खेळाडूला संघापेक्षा संघ मोडून पुन्हा बांधण्याची तयारीच अधिक उपयोगी पडते.

हे सर्व ऐकून पालक एक रास्त शंका काढतील. मुलाने पडद्यासमोर तासन् तास बसावे काय? बसू नये, हे उघड आहे. डोळे, झोप आणि मैदान यांची भरपाई कोणताही संघ करू शकत नाही. पैसे लावून खेळण्याचा धोका तर आणखी मोठा आहे, आणि त्याने अनेक घरे पोळली आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि कौशल्याच्या ई-क्रीडेस वेगळी मान्यता दिली. कायद्याने केलेला हा भेद घरातही करावयास हवा. जो खेळ पुन्हा पैसे लाव म्हणतो तो मुलाला विचार करू देत नाही. जो खेळ ‘तू का हरलास, ते शोध’ म्हणतो, तो विचार करावयास लावतो. पडदा दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून दुरून पाहणाऱ्याची फसगत होते.

तेव्हा पालकांनी दुरून पाहू नये. परीक्षेत किती गुण मिळाले, हा प्रश्न मुलास नित्य विचारला जातो. एखाद्या दिवशी त्याच्या संघाकडे बोट दाखवून असे विचारावे की, हा सहावा प्राणी येथे कशासाठी आहे? जे मूल ‘तो मला आवडतो’ एवढेच सांगेल, त्याचा खेळ अजून आरंभी आहे, आणि त्यातही वाईट काही नाही. परंतु जे मूल ‘दुसरा एकटा पडतो तेव्हा हा त्याच्या पाठीशी उभा राहतो’ असे सांगेल, ते काही तरी मोलाचे शिकले आहे. पुढे ते शाळा चालवील, कारखाना चालवील किंवा एखादी पंचायत चालवील. माणसांना जागा देताना केवळ दांडग्यांकडे पाहणार नाही.

संगमावर दोन नद्या सर्वांना दिसतात. त्यांना त्रिवेणी करणारी तिसरी मात्र दिसत नाही. सहा प्राण्यांच्या संघातही बळ, वेग आणि आयुष्य यांचे आकडे पडद्यावर लिहिलेले असतात. परस्परांना सांभाळण्याचा आकडा कोठेही लिहिलेला नसतो. सामना अटीतटीचा झाला म्हणजे पारडे झुकते ते याच गुंजेने.